नव्या तालमीची निवड

पन्नास-साठ वर्षांपूर्वीं कोल्हापूर, सांगली किंवा सातारा या बाजूच्या एखाद्या मुलास कुस्ती शिकावयाची झाली, तर तालीम कोणती निवडावी हा प्रश्न बहुधा त्याच्यापुढें उभाच राहत नसे. गांवची किंवा पेठेची तालीम ठरलेली असे. वडील मुलाचा हात धरून त्याला तेथें नेत, वस्तादापुढें नारळ ठेवीत आणि "हा आतां तुमचा" असें म्हणून घरीं परत येत. वस्ताद कोण, त्याचा स्वभाव कसा, त्याच्या हाताखालीं किती पोरें घडलीं आणि किती मोडलीं, हें सर्व गांवाला ठाऊक असे. निवड गांवानें अगोदरच करून ठेवलेली असे.

मुंबईसारख्या महानगरांत ही सोय उरलेली नाहीं. ब्राझिलियन जिउ-जित्सू या नांवाची कुस्तीची एक परदेशी विद्या अलीकडे भारतांतील मोठ्या शहरांत रुजली असून तिच्या शाळा मुंबईंत आणि उपनगरांत निघाल्या आहेत. कोणी अशा जागेला क्लास म्हणतो, कोणी अकॅडमी, कोणी नुसतें जिम. मोबाइलवर नांव लिहितांच अनेक पत्ते समोर येतात. पदकांच्या रांगा, घामानें निथळणाऱ्या हंसऱ्या चेहऱ्यांचीं छायाचित्रें आणि पहिल्या दिवसाचें विनामूल्य आमंत्रण, हें सगळीकडे सारखेंच. त्यांतून एक कसें निवडावें हें सांगणारें गांव मात्र पाठीशीं नसतें. आणि निवड चुकली तर नुसते फीचे पैसे जातात असें नव्हे. गुडघा, खांदा, मान, आणि शिकणारें लहान मूल असेल तर त्या मुलाचा मोठ्या माणसांवरील विश्वास, एवढें सगळें त्या निवडीवर अवलंबून असतें.

असा एक गृहस्थ कल्पावा. वय अडतीस. डोंबिवलीस राहतो आणि लोअर परळच्या एका कचेरींत दिवसभर खुर्चीवर बसून काम करतो. पाठ धरूं लागली आहे, पोट सुटूं लागलें आहे. त्याच्या अकरा वर्षांच्या लेकीनें शाळेंतील मैत्रिणीकडून या विद्येचें नांव ऐकलें आणि "बाबा, आपण दोघं जाऊं या" असा हट्ट धरला. घरांत त्याचे वडील आहेत. तरुणपणीं त्यांनीं सातारा जिल्ह्यांतील आपल्या गांवच्या तालमींत माती अंगाला लावलेली आहे. गृहस्थानें तीन-चार शाळांचीं माहितीपत्रें त्यांच्यापुढें ठेवून विचारलें, "आबा, यांतली कुठली बरी, तुम्हीच सांगा." म्हाताऱ्यानें चष्मा लावून चित्रें पाहिलीं आणि कागद परत दिले. "अरे, यांत सगळे जिंकलेलेच दिसताहेत. तूं एकदां तिथं जाऊन बस, आणि हरलेल्या पोराशीं तिथला वस्ताद कसा बोलतो तें बघून ये."

आबांना जिउ-जित्सूचें ओ कीं ठो ठाऊक नव्हतें. तरीहि निवडीची खरी कसोटी त्यांनीं एका वाक्यांत सांगितली होती. ती या विद्येला कां लागू पडते हें समजण्यासाठीं विद्येचें कूळ आणि तिची रीत थोडी पाहणें अवश्य आहे.

या विद्येचा उगम जपानांत. जिगोरो कानो या शिक्षकानें १८८२ सालीं टोकियोमधील एका बौद्ध मंदिराच्या जागेंत कोदोकान ही संस्था काढली आणि जुन्या जुजुत्सूच्या निरनिराळ्या संप्रदायांतील डाव पारखून जूदो ही पद्धति बसविली. त्या संस्थेंत तयार झालेला मित्सुयो माएदा १९०४ सालीं अमेरिकेस गेला, देशोदेशीं झुंजी करीत १९१४ सालीं ब्राझीलमध्यें पोंचला आणि पुढें त्या देशाच्या उत्तरेकडील बेलेम शहरीं स्थायिक झाला. त्याच्या शिकवणीचा लाभ ज्यांना झाला, त्यांत कार्लोस ग्रेसी हा तरुण होता. ग्रेसी कुटुंब पुढें रिओ द जानेरोस आलें. कार्लोस, त्याचा धाकटा भाऊ एलियो आणि त्यांचे आप्त यांनीं जमिनीवरील झुंजीचा भाग वाढवून विद्येला आजचें रूप दिलें. नोव्हेंबर १९९३ मध्यें अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं निरनिराळ्या युद्धकलांच्या मल्लांची यूएफसी ही स्पर्धा प्रथम झाली. तींत एलियोचा मुलगा रॉयस यानें एकाच रात्रीं तीन प्रतिस्पर्ध्यांस शरण आणलें, आणि ब्राझीलबाहेर या विद्येचा बोलबाला झाला.

मराठी माणसाला या विद्येंत एक गोष्ट प्रथमदर्शनीं उलटी वाटते. मातीच्या कुस्तींत पाठीला माती लागली कीं कुस्ती संपली. जिउ-जित्सूंत पाठ टेकल्यानें कांहींच संपत नाहीं. पुष्कळदां झुंज तेथूनच रंगते. खालीं पडलेला माणूस वरच्याला आपल्या पायांच्या विळख्यांत धरतो. या पवित्र्याला गार्ड म्हणतात. त्याच पवित्र्यांतून तो वरच्याचा हात, खांदा किंवा गळा पकडींत घेऊं शकतो, आणि म्हणूनच देहानें लहान असलेल्या माणसालाहि येथें वाव असतो. स्पर्धेंत गुण मोजले जातात हें खरें. परंतु झुंजीचा निर्णायक शेवट शरणागतीनें होतो. कोपर उलट्या दिशेस ताणलें जातें, किंवा मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सांपडलेला माणूस प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा गादीवर हातानें दोन-तीन थापा मारतो, आणि त्याच क्षणीं पकड सुटावयाची असते. या थापेला जगभर टॅप हाच शब्द आहे.

सगळी विद्या या थापेवर उभी आहे. थाप आहे म्हणूनच दोन माणसें खरा जोर लावून सराव करूं शकतात आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा येऊं शकतात. गळ्याची पकड नीट बसली तर दहाएक सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. कोपराचा सांधा दुखावण्यास तर एक झटका पुरे होतो. म्हणजे शिकणारा प्रत्येक संध्याकाळीं आपला गळा आणि आपले सांधे परक्या माणसाच्या हातीं देत असतो, आणि थाप पडतांच तो सोडील या एका भरंवशावर देत असतो. हा भरंवसा जेथें पक्का, ती शाळा चांगली. तो जेथें डळमळीत, तेथील भिंती पदकांनीं भरलेल्या असल्या तरी ती शाळा टाळावी.

थाप न देण्याचें एक उदाहरण इतिहासांत फार गाजलें आहे. २३ ऑक्टोबर १९५१ रोजीं रिओच्या माराकाना क्रीडांगणावर जपानचा थोर जूदोपटु मासाहिको किमुरा आणि एलियो ग्रेसी यांची झुंज झाली. किमुरानें एलियोचा हात पाठीमागें पिरगळून अशी पकड घातली कीं सुटका नव्हती. एलियोनें थाप दिली नाहीं. शेवटीं त्याच्या बाजूच्यांनीं मध्यें पडून झुंज थांबविली. त्या पकडीला पुढें किमुराचेंच नांव पडलें आणि आजहि जिउ-जित्सूच्या शाळांतून ती त्याच नांवानें शिकविली जाते. एलियोच्या निग्रहाची कथा अभिमानानें सांगतात, आणि तो अभिमान समजण्याजोगा आहे. परंतु तो एका घराण्याच्या प्रतिष्ठेचा जाहीर सामना होता. मंगळवारच्या संध्याकाळचा सराव म्हणजे माराकाना नव्हे. बुधवारीं सकाळीं ज्याला लोकलमध्यें कडी धरून उभें राहावयाचें आहे, त्यानें वेळींच थाप देणें हेंच शहाणपण होय. आणि या शहाणपणास ज्या शाळेंत भित्रेपणा म्हणतात, त्या शाळेनें ती कथा चुकीच्या अर्थानें घेतली आहे.

कल्पिलेल्या गृहस्थानें आबांचें ऐकलें. प्रथम तो अंधेरीच्या बाजूस एका नांवाजलेल्या जागीं जाऊन बसला. दालन प्रशस्त, थंड, गाद्या नव्याकोऱ्या, शिक्षक स्पर्धांतून जिंकून आलेला. शेवटच्या अर्ध्या तासांत खरी झटापट, जिला तेथें रोल म्हणतात, ती सुरू झाली. महिन्याभरापूर्वीं दाखल झालेला एक किरकोळ मुलगा एका दणकट जुन्या विद्यार्थ्याच्या वांट्यास आला. मुलानें थाप दिली. पकड सुटली, पण क्षणभर उशिरा. मुलगा खांदा चोळीत उठला तेव्हां शेजारचे दोघे हंसून "इतक्यांतच?" असें म्हणाले. शिक्षक भिंतीशीं उभा राहून मोबाइलवर बोलत होता.

दुसऱ्या आठवड्यांत तो ठाण्याच्या एका शाळेंत गेला. जागा तळमजल्यावरची, वारा पंख्यांचा. तेथेंहि एक नवखा असाच सांपडला. त्यानें थाप देतांच समोरच्यानें हात सोडला, आणि तेथेंच बसून आपण तो कसा पकडला व पुढच्या वेळीं कसा सोडवावा हें त्याला दाखविलें. पलीकडे एकजण जोडीदाराचें कोपर झटक्यानें ताणूं लागला, तोंच शिक्षकानें जाऊन दोघांस थांबविलें. "पकड मिळाली होती ना? मग घाई कसली? त्याला थाप द्यायला वेळ दे." एवढेंच बोलून तो पुढच्या जोडीकडे वळला. गृहस्थानें घरीं येऊन दोन्ही हकीकती सांगितल्या, तेव्हां आबा म्हणाले, "मग आतां मला काय विचारतोस?"

परंतु एका संध्याकाळीं पाहिलेलें नेहमींचेंच असेल असें नाहीं. म्हणून तास पाहावयास दोनदां जावें, आणि शक्य तर निरनिराळ्या वारीं जावें. जी शाळा नुसतें बसून पाहूंहि देत नाहीं, तिचा विचार सोडून द्यावा. पाहतांना लक्ष जिंकणाऱ्याकडे न देता सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याकडे द्यावें. त्याची जोडी कोणाशीं लावली जाते? पहिल्याच दिवशीं त्याला पूर्ण जोराच्या झटापटींत ढकलतात, कीं आधीं पडावें कसें, श्वास कसा राखावा आणि थाप केव्हां द्यावी हें शिकवितात? दुखापत झालेला विद्यार्थी तसें मोकळेपणानें सांगतो, कीं लपवितो? टांच पिरगळून गुडघ्यावर ताण आणणाऱ्या पकडींत वेदना पुरती जाणवण्यापूर्वींच गुडघ्याच्या अस्थिबंधांस इजा होऊं शकते. अशा पकडी नवशिक्यांस मोकळेपणीं वापरूं देणारा शिक्षक बेफिकीर समजावा.

विद्यार्थिवर्ग कसा आहे हेंहि पुष्कळ कांहीं सांगतें. ज्या शाळेंत चाळिशीचा माणूस आहे, दोन-चार स्त्रिया नियमानें येतात, आणि नवखे व तरबेज यांच्या मधल्या पायरीवरचे लोकहि भरपूर आहेत, तेथें माणसें टिकतात असें समजण्यास हरकत नाहीं. जेथें एकीकडे कालपरवां आलेले आणि दुसरीकडे चार-पांच दांडगे एवढेच दिसतात, तेथें मधले कोठें गेले हें विचारून घ्यावें. पुष्कळदां ते गुडघा धरून घरीं बसलेले असतात.

येथें एक आक्षेप संभवतो. कठोर मेहनतीवांचून मल्ल घडत नाहीं. मऊपणा जपणाऱ्या शाळेंतून विजेते कसे निघावेत? आक्षेप योग्य आहे, पण तो मेहनतीला लागू आहे, बेपर्वाईला नव्हे. स्पर्धेची ईर्षा असलेल्या विशीच्या तरुणानें स्पर्धकांची शाळाच शोधावी. तेथें घाम अधिक गळेल आणि झटापट अधिक जोराची होईल. परंतु तेथेंहि थापेचा मान राखला गेलाच पाहिजे. ज्याचे जोडीदार दर महिन्यास जायबंदी होतात, त्याला सरावास माणूस उरत नाहीं, आणि सरावावांचून विजेता होत नाहीं.

यानंतर शिक्षकाच्या अधिकाराचा प्रश्न येतो. या विद्येंत मोठ्यांसाठीं पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा असे पट्टे आहेत. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांप्रमाणें सोळा वर्षांच्या आंत निळा पट्टा व एकोणीस वर्षांच्या आंत काळा पट्टा मिळत नाहीं, आणि सामान्यतः निळ्यावर किमान दोन वर्षें, जांभळ्यावर दीड व तपकिरीवर एक वर्ष काढावें लागतें. प्रत्यक्षांत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाण्यास पुष्कळांना दहा वर्षें लागतात. म्हणून वर्षा-दोन वर्षांत काळा पट्टा देऊं करणारी जाहिरात दिसली तर ती वाचून बाजूस ठेवावी. पट्टा कोणी व केव्हां दिला, हें शिक्षकाला सरळ विचारावें. खरा शिक्षक त्या प्रश्नानें रागावत नाहीं. त्याला आपल्या गुरूचें नांव घेण्यांत आनंदच वाटतो. भारतांत ही विद्या अजून तरुण आहे. एखाद्या उपनगरांत जांभळ्या पट्ट्याचा शिक्षक मनापासून शिकवीत असेल आणि आपला पट्टा उघडपणें सांगत असेल, तर त्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो नसलेला पट्टा बांधण्यांत.

त्याचप्रमाणें केवळ मोठ्या घराण्याच्या नांवावर भाळूं नये. ओस्वाल्दो फादा हा शिक्षक ग्रेसी घराण्यांतला नव्हता. माएदाकडे शिकलेल्या लुइझ फ्रान्सा याचा तो शिष्य. रिओच्या दूरच्या गरीब उपनगरांत तो पैशाची ऐपत नसलेल्यांनाहि शिकवीत असे. १९५० च्या दशकांत त्याच्या शिष्यांनीं ग्रेसींच्या नामांकित अकॅडमीच्या शिष्यांशीं सामना केला आणि पायाच्या पकडींच्या जोरावर त्यांच्यावर मात केली. विद्या कोठें राहते हें पाटीवरून कळत नाहीं, हा धडा त्या सामन्यानें तेव्हांच दिलेला आहे.

मुंबईच्या हवेंत स्वच्छतेकडे विशेष बारकाईनें पाहावें लागतें. येथें अंगाला अंग आणि गालाला गादी घासली जाते. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत घामेजलेले कपडे वाळत नाहींत आणि नायटा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सहज जातो. भारतांत अलीकडच्या वर्षांत नायट्याचा जो हट्टी प्रकार पसरला आहे, तो नेहमींच्या औषधांना पुष्कळदां दाद देत नाहीं. दुकानांतून परस्पर आणून लावलेलीं स्टेरॉइडयुक्त मलमें हें त्याचें एक कारण त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून गाद्या रोज जंतुनाशक पाण्यानें पुसल्या जातात कीं नाहीं, अनवाणी स्वच्छतागृहांत जाऊन कोणी तसाच गादीवर येत नाहीं ना, नखें कापलेलीं आहेत ना, हें डोळ्यांनीं पाहावें. अंगावर चट्टा दिसलेल्या विद्यार्थ्यास शिक्षक न लाजवितां, पण ठामपणें, बरा होईपर्यंत घरीं बसवितो काय, हें विचारावें. "आमच्याकडे असलें कधींच होत नाहीं" या उत्तरापेक्षां "होतें, आणि झालें कीं आम्ही असें करतों" हें उत्तर अधिक विश्वासाचें.

अंतर ही बाब क्षुल्लक वाटते, पण महानगरांत तीच पुष्कळांचा सराव बंद पाडते. डोंबिवलीच्या त्या गृहस्थास अंधेरीला जाण्यासाठीं दादरला गाडी बदलावी लागली असती. जाऊन-येऊन दर खेपेस दीड तास अधिक जातो असें धरलें, आणि आठवड्याच्या तीन खेपा व वर्षाचे पन्नास आठवडे मोजले, तर वर्षाकाठीं सव्वादोनशें तास केवळ प्रवासांत जातात. ठाणें त्याच्या रोजच्या वाटेवर आहे. पहिल्या उत्साहांत दूरची शाळा जवळ वाटते. पावसाळ्यांत गाड्या उशिरा धांवूं लागल्या कीं ती पुन्हा दूर होते. कचेरी, घर आणि शाळा एका वाटेवर असतील तरच पांच वर्षें जाणें होतें, आणि ही विद्या पांच महिन्यांत येणारी नव्हे.

पैशाच्या बाबतींत एकच धोरण पुरेसें आहे: प्रथम महिन्याची फी भरावी, वर्षाची भरूं नये. वर्षाच्या फींत सूट मिळते हें खरें. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच शरीर आणि शाळा या दोहोंची ओळख होते. दुखापत किंवा बदली झाल्यास उरलेले पैसे मिळतात काय, हें लेखी विचारावें. सरावाचा जाड अंगरखा, ज्याला गी म्हणतात, तो विशिष्ट दुकानांतूनच घेण्याची सक्ति आहे काय, पट्ट्याच्या बढतीसाठीं वेगळे पैसे पडतात काय, हेंहि आधींच जाणून घ्यावें.

आतां लेकीचा प्रश्न. मुलांसाठीं सोळाव्या वर्षापर्यंत पांढऱ्यानंतर करडा, पिवळा, नारिंगी आणि हिरवा असे वेगळे पट्टे आहेत, आणि त्यांच्या शिक्षणाची रीतिहि वेगळी असावी लागते. खेळ अधिक, ताण कमी, गळ्याच्या पकडींची घाई मुळींच नको. परंतु आईबापांनीं पहावयाची मुख्य गोष्ट डावपेचांची नाहीं. ही विद्या अंगलगटीची आहे आणि शिक्षकाचा शब्द तेथें वजनदार असतो. वाईट माणसाच्या हातीं हें वजन पडलें तर काय होतें, हें निरनिराळ्या देशांतील क्रीडासंस्थांतून उघडकीस आलेल्या प्रकरणांनीं दाखवून दिलें आहे. म्हणून मुलांच्या तासाला पालकांस बसूं देतात काय, शिक्षक एकटाच कोणा मुलाला वेगळें थांबवून घेतो काय, मुलांना मोबाइलवर परस्पर निरोप पाठवितो काय, हें निःसंकोच विचारावें. अठरा वर्षांखालील मुलांच्या संरक्षणासाठीं भारतांत २०१२ चा पोक्सो कायदा आहे. पण कायद्याचें काम बहुधा अपराध घडल्यावर सुरू होतें, आईबापांच्या डोळ्यांचें काम त्याआधीं.

स्त्रियांसहि हाच न्याय लागू आहे. केवळ स्त्रियांचा वेगळा तास असेल तर आरंभास तो सोईचा. परंतु मिश्र तासांत एखाद्या जोडीदारास, कारण न सांगतां, नकार देण्याची मोकळीक आहे काय, हा खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर शिक्षकाला विचारण्यापेक्षां तेथें वर्षभर येणाऱ्या स्त्रीला विचारावें. थाप जशी अंगावर पडते तशी ती शब्दानेंहि देतां आली पाहिजे. "नको" हा शब्द ज्या दालनांत चालत नाहीं, तेथें थापहि फार दिवस चालत नाहीं.

अखेरची गोष्ट शाळा सोडण्याची. ब्राझीलमध्यें गुरु बदलणाऱ्यास क्रेओन्ते असा फितुराच्या अर्थाचा शब्द आहे, आणि मराठी तालमींतहि वस्तादाशीं बेइमानी हें मोठें दूषण मानलें जाई. निष्ठा हा गुण खराच; पण निष्ठा कालांतरानें मिळवावी लागते, प्रवेशअर्जावर सही करून घेतां येत नाहीं. बदली झाली, मन रमलें नाहीं किंवा विश्वास उडाला, तर नमस्कार करून बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी. जेथें इतर शाळांत एखादा दिवस सरावास जाण्याचीहि मनाई असते, तेथें जाण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

अशा रीतीनें पाहूं गेल्यास पट्टा, अंतर, फी, स्वच्छता हे सर्व प्रश्न वेगवेगळे दिसले तरी मूळ प्रश्न एकच राहतो: दुबळ्या माणसानें "पुरे" म्हटल्यावर या जागीं काय होतें? नवशिक्याचें कोपर, लेकीची सुरक्षितता, आजारी विद्यार्थ्यास मिळणारी वागणूक आणि सोडून जाणाऱ्यास मिळणारा निरोप, या सर्वांचें उत्तर त्या एका उत्तरांत असतें. तें माहितीपत्रांत छापलेलें नसतें. त्यासाठीं एखादी संध्याकाळ मोडून कोपऱ्यांत शांतपणें बसावें लागतें.

ठाण्याच्या शाळेंत बाप-लेकीनें पहिला महिना काढला, असें समजावें. बापानें त्या महिन्यांत एकहि झटापट जिंकली नाहीं. थापा मात्र मोजतां येणार नाहींत इतक्या दिल्या. लेक घरीं येऊन आजोबांस म्हणाली, "आबा, बाबा रोज हरतात." आबांनीं मुलाच्या खांद्याकडे, कोपराकडे आणि गुडघ्याकडे एकवार नजर टाकली. सगळें जागच्या जागीं होतें. "हरूं दे," ते म्हणाले, "उद्यां परत जातोय ना?"